फुंकर

माझ्या वयाची माणसे चारचौघांत बसली आणि बोलता बोलता 'व्हिडिओ गेम' हा शब्द निघाला की एक गंमत हमखास पाहायला मिळते. कोणीतरी नकळत दोन्ही हात तोंडाशी नेतो, माऊथ ऑर्गन धरावा तशी न दिसणारी एक वस्तू ओठांपुढे धरतो आणि डावीकडून उजवीकडे एक लांबलचक फुंकर घालतो. बाकीचे हसतात. कोणी कोणाला काही समजावून सांगत नाही. १९९० च्या आगेमागे जी मुले दहा-बारा वर्षांची होती, त्यांची ही एकमेकांना ओळखण्याची खूण आहे.

ज्यांनी ती वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची चपटी डबी. तिच्या एका कडेला फट, त्या फटीत हिरव्या बोर्डाची कड आणि कडेवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या सोनेरी पट्ट्या. ही डबी यंत्राच्या खाचेत बसवायची, यंत्राची तार टीव्हीला जोडायची, की पडद्यावर खेळ सुरू. आम्ही तिला 'कॅसेट' म्हणत असू. पुढे मोठेपणी इंग्रजी येणाऱ्या लोकांनी मला सुधारले, की हिला 'कार्ट्रिज' म्हणतात, कॅसेट म्हणजे गाण्याची. मी काही दिवस ओशाळलो. मग वाचनात आले की ज्या जपानात ही चीज घरोघरी पोचली तिथली पोरेही तिला 'कासेत्तो'च म्हणत. तेव्हापासून मी पुन्हा कॅसेटच म्हणतो.

खेळ लागला नाही, पडदा करडा राहिला किंवा चित्रात भलत्याच चौकटी उमटल्या, की कॅसेट काढायची, फुंकायची, परत बसवायची. ही विद्या आम्हाला कोणी शिकवली? कोणीच नाही. आणि आश्चर्य असे की अमेरिकेतली मुलेही हेच करीत, जपानातलीही हेच करीत. एकमेकांशी कसलाही पत्रव्यवहार नसलेल्या लाखो मुलांनी एकाच काळात एकच उपाय शोधून काढला, आणि तो उपाय चुकीचा होता!

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या, पण विजेचे शास्त्र रीतसर कधी शिकलो नाही. तरी गेली दहा-बारा वर्षे माझ्या घरच्या टेबलावर अशा जुन्या कॅसेटी उघडून पडलेल्या असतात. सुरुवात माळ्यावर सापडलेल्या माझ्याच तीन कॅसेटींपासून झाली. मग माजी विद्यार्थ्यांचे बाप आणू लागले, "सर, पोराला दाखवायचं होतं, आम्ही काय खेळायचो ते." दुरुस्ती करणाऱ्याला वस्तूचा इतिहास उलट्या बाजूने कळत जातो. आधी तिची मोड दिसते. मग ती तिथेच का मोडली, हे शोधताना ती घडवणाऱ्यापर्यंत जावे लागते. हा लेख त्या शोधातून झालेला आहे.

घरच्या टीव्हीवर खेळायचे पहिले यंत्र अमेरिकेत १९७२ साली विक्रीला आले. त्याचे नाव मॅग्नावॉक्स ओडिसी. ते राल्फ बेअर या गृहस्थांच्या कल्पनेतून निघाले. बेअर मूळचे जर्मनीतले ज्यू. पोरवयात नाझींच्या जाचातून निसटून अमेरिकेत पोचलेले. त्यांच्या यंत्रालाही बदलण्याजोगी कार्डे होती, पण त्या कार्डांत खेळ साठवलेला नव्हता. कार्ड घातले की यंत्रातल्या तारांची जोडणी तेवढी बदले. स्मृती म्हणून त्यात काही नव्हते. चित्राची उणीव भरून काढायला टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचे पडदे चिकटवावे लागत.

खेळच डबीत भरून विकायचा, हा विचार प्रत्यक्षात आला तो १९७६ साली. अल्पेक्स नावाच्या एका लहान कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांनी त्याचा कच्चा नमुना बनवला. फेअरचाइल्ड या मोठ्या कंपनीने तो घेतला. आणि त्याचे घरात वापरता येईल असे यंत्र करण्याची जबाबदारी जेरी लॉसन या अभियंत्यावर पडली. लॉसन १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस. कॅलिफोर्नियाच्या त्या वेळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात त्याच्यासारखे बोटांवर मोजण्याइतकेच होते.

त्याच्यापुढची अडचण मला फार आवडते, कारण ती आजही माझ्या टेबलावर येऊन बसते. त्या दिवसांत चिप ही अभियंत्यांनी जपून हाताळायची वस्तू होती. एकदा बसवली की सहसा तिला कोणी हलवत नसे. आता तीच चिप आठ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायची होती. ते तिला दिवसातून दहादा काढणार, दहादा घालणार. त्याच्या बोटांना साखर लागलेली असणार. गालिच्यावर पाय घासून आले तर अंगात साठलेल्या विजेची ठिणगी चिपवर उडणार. लॉसन आणि त्याच्या सोबत्यांनी गाण्याच्या जाड कॅसेटीच्या आकाराची एक पिवळी डबी घडवली आणि तिच्या तोंडाला स्प्रिंगचे झाकण बसवले. डबी यंत्रात शिरली की झाकण आपोआप उघडे, बाहेर आली की मिटे. त्या यंत्राचे नाव 'चॅनेल एफ'. ते फारसे चालले नाही. त्याच्यासाठी दोन डझनांहून थोड्याच अधिक कॅसेटी निघाल्या. पण १९७७ मध्ये आटारीचे यंत्र आले ते याच वाटेने, आणि पुढे सारे जगच त्या वाटेने गेले. लॉसन २०११ साली वारला. त्याचे नाव लोकांना माहीत होऊ लागले ते त्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत.

ते झाकण लक्षात ठेवा. आटारीच्या सुरुवातीच्या कॅसेटींनाही आत धूळ अडवणारे झाकण होते. नंतरच्या कारखानदारांनी ते सोडून दिले. त्याऐवजी वरून घालायची प्लॅस्टिकची पिशवी किंवा टोपण दिले. आता मुले टोपण जागेवर ठेवतात का? माझ्या वर्गातल्या स्केचपेनांची टोपणे पाहावीत. माझ्या मते फुंकरीचा जन्म ते स्प्रिंगचे झाकण गेले त्या दिवशी झाला.

आटारीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. धंदा इतका फोफावला की बाजारात भारंभार खेळ आले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला सारा डोलारा कोसळला. 'ई. टी.' या चित्रपटावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाने नाताळचा हंगाम गाठण्यासाठी पाचेक आठवड्यांत लिहिला होता. त्याच्या आणि इतर खेळांच्या न खपलेल्या कॅसेटी आटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत नेऊन पुरल्या. तीस वर्षे लोक ही दंतकथा समजत होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे खणले आणि कॅसेटी खरोखरच निघाल्या. त्यांतली एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कचऱ्यातून थेट संग्रहालयात! आमच्याकडे हा मान फार तर ताम्रपटांना मिळतो.

अमेरिकेत हे पुरण्याचे काम चालले होते त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानात निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र विक्रीला काढले. निन्टेन्डो मूळची क्योतो शहरातली पत्ते बनवणारी पेढी. १८८९ पासून ती फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवीत आली. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने घडवलेले हे यंत्र जपानी घरांत सर्रास पोचले. त्याच्या कॅसेटीला ६० पट्ट्या, ३० पुढे आणि ३० मागे.

तेच यंत्र १९८५ मध्ये अमेरिकेत न्यायचे ठरले तेव्हा तिथले दुकानदार 'व्हिडिओ गेम' म्हटले की दार लावून घेत होते. म्हणून यंत्राचे रूप बदलले; ते व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरसारखे दिसावे असे केले. पुढचे झाकण उघडायचे, कॅसेट आडवी आत सरकवायची आणि खाली दाबायची. दिसायला झकास, आणि सगळी पुढची रडारड त्यातूनच. कॅसेट दाबली की आतल्या ७२ नाजूक पिना वाकत. वर्ष-दोन वर्षांत त्यांची ताठरता जाई आणि त्या पट्ट्यांना नीट टेकत नसत. त्यात कंपनीने आणखी एक कुलूप घातले होते. यंत्रात एक चिप आणि कॅसेटीत तिची जोडीदार चिप. दोघींचा आपसांत सतत संवाद चाले. परवानगीवाचून बनवलेली कॅसेट चालू नये म्हणून ही व्यवस्था. पण पिना नीट टेकल्या नाहीत की अस्सल कॅसेटीचाही हा संवाद तुटे, आणि यंत्र दर सेकंदाला स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करी. लाल दिवा लुकलुकत राही. मुलाला वाटे, कॅसेट घाण झाली. दोष बहुतेक वेळा यंत्राचा असे.

मग फुंकर घातल्यावर खेळ लागायचा तो कसा? त्याचे उत्तर अगदी साधे आहे. फुंकायला कॅसेट बाहेर काढावी लागे आणि पुन्हा घालावी लागे. दुसऱ्यांदा घालताना पिना जरा वेगळ्या जागी टेकत, घासल्या जात, आणि काम होई. न फुंकता नुसती काढून घातली असती तरी बहुधा तेच झाले असते. श्वासातल्या ओलाव्याने क्षणभर मदतही होत असेल. पण तोच ओलावा, थुंकीच्या बारीक शिंतोड्यांसह, पट्ट्यांवर बसून राही आणि धातू हळूहळू गंजत जाई. निन्टेन्डोने फुंकू नका असे बजावले, १९८९ मध्ये साफसफाईचा खास संच विकायला काढला. कोण ऐकतो? उपाय केला आणि गुण आला, एवढे डोळ्यांना दिसत होते. वैद्यकीच्या इतिहासात अशा किती फुंकरी असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आपल्याकडे ही अस्सल यंत्रे क्वचितच आली. आली ती तैवान-चीनमध्ये बनलेली त्यांची नक्कल, आणि नक्कल होती ती जपानी यंत्राची, म्हणून आमच्याही कॅसेटीला ६० पट्ट्या. आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडमागे एका गाळ्यात चार टीव्ही मांडलेले असत आणि तासावर खेळायला मिळे. घरी यंत्र असणारा मुलगा वर्गात संस्थानिकासारखा वावरे. कॅसेटीवर छापलेले असे, '९९९९ खेळ एकत्र'. घातल्यावर कळे की खेळ पाच-सातच आहेत, बाकी सारी त्यांचीच पुनरावृत्ती. आम्हाला त्याचे वाईट वाटल्याचे स्मरत नाही. या नकली कॅसेटी उघडल्या तर आत रीतसर चिपही नसे. बोर्डावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, त्याखाली सगळा खेळ. तो ठिपका बिघडला की दुरुस्ती नाही. पण ठिपका सहसा बिघडत नाही. बिघडतात त्या पट्ट्या.

आणि पट्ट्यांची गोष्ट निघाली म्हणून एक कबुली देऊन टाकतो. सहावीत असताना माझ्या एका मित्राची कॅसेट लागेना. खेळ होता 'कॉन्ट्रा'. चित्र काढणारा म्हणून माझ्या हाताबद्दल वर्गात जरा आदर होता. त्याने ती माझ्याकडे दिली. माझ्याजवळ ते दोन रंगांचे खोडरबर होते, अर्धे तांबडे पेन्सिलीसाठी, अर्धे निळे शाईसाठी. तांबड्याने काळे डाग जाईनात, म्हणून मी निळी बाजू लावली. शाईच्या खोडरबरात कागद खरवडण्यासाठी कचकचीत पूड घातलेली असते हे तेव्हा कुठे ठाऊक! पट्ट्या चकचकीत झाल्या. मला वाटले, जिंकलो. एका बाजूच्या काही पट्ट्या सोनेरीच्या तांबूस झालेल्या होत्या, इकडे माझे लक्षच गेले नाही. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पावसाळ्याच्या एका हंगामात काळवंडतो. कॅसेट आठवडाभर मस्त चालली. पावसाळा संपता संपता कायमची बंद पडली. मित्राने ती दिवाळीचे आणि भाऊबिजेचे पैसे साठवून घेतली होती. त्याने फुंकर घालघालून दम तोडला. मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही.

आता मी साफ करतो ते असे. आधी डबी उघडायची. आपल्या नकली कॅसेटींना साधे स्क्रू असतात किंवा नुसत्या खटक्याने बसवलेल्या असतात. निन्टेन्डोच्या अस्सल कॅसेटींना मात्र बाहेरून सहा पाकळ्यांच्या डोक्याचा विशेष स्क्रू असतो, त्याला ३.८ मिलिमीटरची खास पाने लागते. पाने नव्हते तेव्हा मी बॉलपेनची नळी मेणबत्तीवर मऊ करून स्क्रूवर दाबून धरीत असे. गार झाली की तिच्यात स्क्रूचा ठसा उमटे आणि तेच पाने होई. बोर्ड बाहेर काढला की मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारे नव्व्याण्णव टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्यायचे आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली पुसत जायचे. पहिली काडी काळी निघते, दुसरी करडी, पाचवी-सहावी पांढरी राहते. हिरवट गंज असेल तर पांढरे मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने, तेही नाइलाज झाला तर. पॉलिश पेपर नाही, चुलीतली राख नाही, ब्रासो नाही. मग तासभर वाळू द्यायचे. घाई झाली म्हणून फुंकायचे नाही! हसू नका, अजूनही माझे ओठ आपोआप गोल होतात.

नुसत्या स्वच्छतेने दहातल्या सात-आठ कॅसेटी पुन्हा बोलू लागतात. आतला खेळ कुठेही गेलेला नसतो. त्याचे कारण असे की खेळ ज्या चिपमध्ये असतो तिच्यात तो पुसता येईल असा लिहिलेलाच नसतो. कारखान्यात चिप बनवतानाच, फोटोच्या निगेटिव्हसारख्या एका मुखवट्यातून, कुठे जोड असावा आणि कुठे नसावा हे कायमचे ठरवून टाकतात. ताम्रपटावर अक्षर कोरावे तसे ते आहे. वीज गेली, बोर्ड पाण्यात पडला, चाळीस वर्षे माळ्यावर राहिला, तरी अक्षर तिथेच असते.

पण काही कॅसेटींत याच्याशेजारी एक पाटीही असते.

ती कशी आली हे सांगितले पाहिजे. निन्टेन्डोचे मियामोतो शिगेरू आणि तेझुका ताकाशी यांनी 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ केला. मियामोतोंचे लहानपण क्योतोजवळच्या खेड्यात डोंगर आणि गुहा धुंडाळण्यात गेले; तसलेच भटकणे या खेळात आहे. एका बैठकीत संपणारा हा खेळ नव्हे. आज कुठवर आलो हे उद्या आठवायला हवे. जपानात १९८६ मध्ये तो एका चुंबकीय चकतीवर निघाला. चकतीवर खूण करून ठेवता येई. पण चकतीचे यंत्र अमेरिकेत नेलेच नाही. म्हणून १९८७ मध्ये तिथे तो कॅसेटीत आला तेव्हा खेळणाऱ्याची खूण ठेवायला आत एक वेगळी लहानशी स्मृती दिली, आणि वीज बंद झाल्यावर तिचा जीव टिकावा म्हणून शेजारी एक बटण सेल जोडला. मनगटी घड्याळातल्या सेलासारखाच, पण बंद्या रुपयापेक्षा किंचित लहान आणि बराच जाड, तीन व्होल्टचा. त्यात तीन खेळाडूंची नावे राहतात. खेळ १२८ किलोबाइटचा, ही पाटी ८ किलोबाइटची. सेल संपला की पाटी कोरी.

आमच्या नकली कॅसेटींत असा सेल नसे. आम्ही चौथ्या टप्प्यावर पोचलेलो असताना वीज गेली की सारे संपे. आम्हाला ती सवय होती. पण ज्यांना खूण ठेवायची सवय लागली, त्यांची दुःखे आता बाहेर येत आहेत. १९९९ मध्ये जपानात निघालेल्या 'पोकेमॉन'च्या सोनेरी-रुपेरी जोडीत तर तोच सेल एक घड्याळही चालवीत असे. साहजिकच तो लवकर मेला, आणि कितीएक मुलांनी वर्षभर खपून जमवलेला गोतावळा त्याच्याबरोबर गेला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तीत २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत असे दिसले. ती गणना खेळांची आहे. मुलांनी पाटीवर लिहिलेल्याची गणना कोण करणार?

२०२३ च्या दिवाळीत माझा भाचा न्यू जर्सीहून आला. माझ्या सर्वांत थोरल्या मामेबहिणीचा हा मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण नात्याने मी मामा. फराळ झाल्यावर त्याने पिशवीतून एक सोनेरी डबी काढली. झेल्डाची ती पहिली कॅसेट खरोखरच सोनेरी रंगाची असते.

"मामा, हिची बॅटरी बदलायचीय," तो म्हणाला. "पण आतलं काही जाता कामा नये."

"तिकडे करून देतील की कोणी."

"पोस्टानं अनोळखी माणसाकडं पाठवायचा धीर होत नाही. आणि बहुतेक जण सांगतात, जुनी नावं जाणारच, धरून चाला."

"आहे काय एवढं आत?"

"आजी आहे," तो म्हणाला.

हकिगत अशी. १९८९ मध्ये माझी मामी लेकीकडे सहा महिने राहायला गेली होती. बाहेर बर्फ, ताई आणि तिचे यजमान दिवसभर कामावर, बोलायला कोणी नाही. दुपारी नातवंडे शाळेतून आली की ती त्यांच्याशेजारी बसे. पहिले नाव नातवाचे, दुसरे नातीचे होते, तिसरी जागा रिकामी. पोरांनी तिथे इंग्रजी चार अक्षरांत 'आजी' असे लिहिले आणि तिच्या हाती कंट्रोल दिला. या खेळात सुरुवातीलाच एक गुहा दिसते. आत गेले की म्हातारा बाबा तलवार देतो. मामी काही केल्या त्या गुहेत शिरेना. "बोलावल्याशिवाय परक्याच्या घरात कशाला शिरायचं?" असे म्हणून ती बिनहत्यारी तशीच पुढे जाई आणि पहिल्याच राक्षसाच्या हातून मरे. पुन्हा नव्याने निघे, पुन्हा मरे. नावाशेजारी मृत्यूंचा आकडा येतो. मामी २००४ मध्ये गेली. तिच्या त्या आकड्याला ३४ वर्षे कोणी हात लावला नव्हता.

मी ते काम एकट्याने करायचे धाडस केले नाही. गावात माझा एक विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. चित्रकलेत तो जेमतेम पास होई, पण सोल्डरिंगच्या बाबतीत त्याच्याइतका शांत हात मी पाहिलेला नाही. पाडव्याच्या दुपारी दुकान अर्धे ओढून आम्ही तिघे बसलो. भाच्याने कॅसेट वाचणारे एक लहानसे यंत्र आणले होते. ते लॅपटॉपला जोडून पाटीवरचे सारे ८ किलोबाइट आधी उतरवून घेता येतात. मी प्रथम पट्ट्या पुसल्या. आयुष्यात कधी पुसल्या नसतील इतक्या सावकाश. पाटी वाचताना वीज डळमळली तर त्यावर भलतेच काही लिहिले जाऊ शकते. म्हणूनच या कॅसेटीबरोबर सूचना असे की यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा. आम्ही दुकानाचा इन्व्हर्टर तपासला. भाच्याने तीनदा वाचले आणि तिन्ही प्रती ताडून पाहिल्या. सारख्या आल्या. मग त्याने ती प्रत लॅपटॉपवरच उघडली.

तीन नावे आली. तिसऱ्या ओळीत आजी, तीन लाल बदाम, आणि आकडा ६१.

"एकसष्टदा?" माझा विद्यार्थी म्हणाला.

"गुहेत गेलीच नाही शेवटपर्यंत," भाचा म्हणाला.

पुढचे काम दहा मिनिटांचे होते. सेलवर सरळ डाग द्यायचा नसतो. उष्णतेने तो फुगतो, क्वचित फुटतोही. म्हणून आधीच पत्र्याचे पाय जोडलेला नवा सेल आणलेला होता. "सर, एकेका पायाला एकदाच गरम करू, दोनदा नको," असे म्हणून त्याने तांब्याच्या जाळीने जुने कथील शोषून घेतले आणि जुना सेल अलगद उचलला. त्या क्षणी कॅसेटीतली पाटी कोरी झाली. तिघांनाही ते ठाऊक होते. कोणी मान वर केली नाही. नव्या सेलाची अधिक बाजू बोर्डावरच्या अधिकाच्या खुणेकडे आहे ना, हे मी दोनदा पाहिले. तो बसला, गार झाला. भाच्याने ८ किलोबाइट परत लिहिले, पुन्हा वाचले, पहिल्या प्रतीशी ताडले.

सहज म्हणून मी उतरवलेला सेल मीटरला लावून पाहिला. २.९ व्होल्ट. आणखी काही वर्षे त्याने नक्की काढली असती. मला जरा चमत्कारिक वाटले, पण आता त्याचे काय करणार? भाच्याने तो एका डबीत घालून खिशात ठेवला.

डिसेंबरात ताईने एक फोटो पाठवला. त्यांच्या जुन्या टीव्हीवर तीन ओळी दिसत होत्या. खाली तिने लिहिले होते, की धाकट्या नातीला आजीच्या नावाने खेळायचे होते, तिला चौथे नाव का लिहिता येत नाही म्हणून ती रुसली आहे, आणि पहिले नाव पुसून तिची सोय करायला तिचा बाप तयार झाला आहे.